शाहूपुरीत पाऊस, वडगावात ऊन

आई गेल्यावर आबांना मी हातकणंगल्याहून शहरात, शाहूपुरीतल्या माझ्या फ्लॅटवर आणलं. तालुक्याच्या कचेरीत रोज सकाळी पाऊस मोजायचं काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. इथं आल्यावरही त्यांनी गच्चीत एक सरळ उभा डबा ठेवला. त्यात फूटपट्टी बुडवायची, आकडा वहीत लिहायचा आणि वीसेक किलोमीटरवरच्या पेठ वडगावच्या जुन्या सहकाऱ्याला फोन करून तिकडचा पाऊस विचारायचा. मला तो म्हातारपणचा विरंगुळा वाटायचा.

गेल्या सप्टेंबरात एका दुपारी असा काही पाऊस कोसळला की तासाभरात गल्लीत गुडघाभर पाणी. तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकू एकट्या राहतात. आबा आणि मी खाली धावलो. शिलाई मशीन कसंबसं जिन्यावर चढवलं, पण लग्नघरातून शिवायला आलेलं कापड भिजलंच. काकू पायरीवर बसून रडायला लागल्या.

"पुराच्या वर्षी सुदीक घरात पाणी आलं न्हवतं बघा."

आबांनी तिथूनच वडगावला फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला, "पाऊस? हितं ऊन पडलंय की!"

आबांनी फोन खिशात ठेवला. मग म्हणाले, "एका पावसावरनं काय सांगता येत न्हाय. पण दोन-चार पावसाळं मी हेच लिवतोय. सिमेंटनं शहर तापतंय, तापलेली हवा वर जाती आन् ढग हितंच रिता हुतोय, असं मला वाटतं. आन् पडलेलं पाणी मुरायला माती कुठं ठेवलीया आपण?"

इमारतीच्या मागं पूर्वी मोकळी माती होती. चिखल होतो म्हणून तिथं पार्किंगसाठी काँक्रीट करायचा हट्ट माझाच. दारोदार फिरून सह्या मीच घेतल्या होत्या. आता तिथलं सगळं पाणी उतारानं काकूंच्या दारात येत होतं.

मी काकूंना ते सांगून टाकलं. वाटलं, चिडतील. त्या डोळे पुसत एवढंच म्हणाल्या, "तर मग फोडा की."

पुढच्या रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी उभी राहिले. खूप भांडणं झाली. शेवटी अर्ध्या जागेवरचं काँक्रीट निघालं, अर्ध्यावर गाड्या राहिल्या. एवढ्यानं आभाळातला पाऊस कमी होणार नाही, हे मलाही कळतं. यंदा दोनदा तसाच कोसळला. एकदा पाणी काकूंच्या उंबऱ्याशी थांबलं, एकदा आत शिरलं. त्या वेळी पाणी उपसायला, गाडीच्या जागेसाठी माझ्याशी सगळ्यात जास्त भांडलेले शेजारीही पँट दुमडून खाली आले होते.