नोरीन पास्कोची घरमालकी

नोरीन पास्कोने आमच्या गावातल्या प्रत्येक डोक्याला हात लावलेला आहे, माझ्यासकट. टारलो हे क्वीन्सलँडमधलं कोळशाच्या खाणीचं गाव. तिचं केस कापायचं दुकान गावाच्या मधोमध, बेकरीला लागून. मी शाळेची बस चालवायचो. पोरांना शाळेत सोडलं की तिच्या दुकानातल्या बाकावर येऊन बसायचो, कारण तिथला पंखा चांगला होता आणि बातम्या पेपरच्या आधी यायच्या.

नोरीन अंगाने आडवी आणि आवाजाने त्याहून. नवरा फार पूर्वीच सोडून गेलेला. "जाताना माझा चांगला कंगवा घेऊन गेला, त्याचं वाईट वाटतं," असं ती सांगायची. राहायची बँक्सिया स्ट्रीटवर, भाड्याच्या घरात. खांबांवर उभं असलेलं, सिमेंटच्या पत्र्याच्या भिंतींचं घर, मागे आंब्याचं मोठं झाड. म्हातारा मालक वारला आणि त्याच्या मुलांनी घर विकायला काढलं. नेमका तेव्हाच कोळशाला भाव आला.

भाव आला तसं गाव चेकाळलं. खाणीवर माणसं येऊ लागली आणि त्यांना राहायला जागा पुरेना. पबमध्ये लोक "कसा आहेस?" विचारायचे बंद झाले, "तुझं किती झालं?" विचारू लागले. माझ्या घराचा संडास अंगणात, आणि त्यात एक हिरवा बेडूक कायमचा मुक्कामाला. एजंट आला, बेडकाकडे बघून "छान, नैसर्गिक वातावरण" म्हणाला आणि एक आकडा सांगून गेला. तो ऐकून मी घरात धावलो.

"मर्ल, आपण श्रीमंत झालो गं!" मी बायकोला म्हणालो.

ती बटाटे सोलत होती. "मग विकून टाक."

"आणि राहायचं कुठे? गावातली सगळीच घरं श्रीमंत झालीत."

"मग श्रीमंती कसली? ही सुरी घे, ते उरलेले सोल."

नोरीनचं घर घेतलं लायल गॅफनीने. तो खाणीत डंपर चालवायचा. स्वतःचं घर बँकेत गहाण टाकून त्याने हे दुसरं घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण आकड्यांनी त्याचे डोळे फिरले होते. एक दिवस टोपी हातात धरून तो नोरीनच्या दुकानात आला.

"नोरीन, भाडं थोडं वाढवावं लागेल."

"थोडं म्हणजे किती?"

त्याने सांगितलं. नोरीनने मान डोलावली. "महिन्याचं ना?"

"आठवड्याचं."

"लायल, एवढ्या पैशात राणीच्या राजवाड्यात खोली मिळेल. आणि तिथला नळ गळत नसेल."

"मी काय करू? मार्केटचा भाव आहे तो."

पुढच्याच आठवड्यात नोरीन रेसकोर्सच्या मागे एका कॅरव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या खोलीत, राहायला गेली. तिच्या घरात खाणीवरचे सहाजण दाटीवाटीने राहू लागले आणि लायलला हवं ते भाडं मिळू लागलं. मग बेकरीवाला परवडत नाही म्हणून किनाऱ्याकडे निघून गेला. औषधाच्या दुकानातली बाई गेली. शाळेला मास्तर मिळेनात, कारण आलेला मास्तर भाडं ऐकून आल्या पावली परत जायचा. आम्ही सगळे कागदावर लखपती, आणि ताज्या पावासाठी तासभर गाडी हाकत होतो.

नोरीन तेवढी टिकली. नोव्हेंबरात लायलच्या मुलीचं किनाऱ्यावरच्या मॅकाय शहरात लग्न होतं. आदल्या दिवशी तो केस कापायला आला. मी बाकावर होतोच.

"या, लायलशेठ, या," नोरीन म्हणाली. गळ्याभोवती कापड बांधलं, उजवी बाजू अगदी झोकात कापली, आणि कात्री खाली ठेवली.

"काय झालं?" लायलने विचारलं.

"दर बदललाय."

"कधीपासून?"

"उजवी बाजू संपली तेव्हापासून. डाव्या बाजूचं मार्केट वेगळं आहे."

"अगं, उद्या पोरीचं लग्न आहे!"

"म्हणून तर मागणी जास्त आहे."

माझ्या नाकातून चहा आला. लायलने आरशात पाहिलं. एका बाजूने नवरीचा बाप, दुसऱ्या बाजूने मेंढरू. "बोल, काय पाहिजे तुला?"

"झाडाचे आंबे. दर वर्षी, सगळे. ते सहाजण पायाखाली तुडवतात, मला बघवत नाही."

लायलने तिथल्या तिथे शपथ घेतली, आणि नोरीनने डावी बाजू उजवीहूनही सुरेख कापून दिली. शब्दाला तो जागला. त्या मोसमात आंब्याची खोकी स्वतः कॅरव्हॅनवर नेऊन दिली.

मग एके वर्षी कोळशाचा भाव पडला. खाणीने माणसं काढली आणि अंगणाअंगणात 'विकणे आहे'च्या पाट्या उगवल्या. त्या दिवशी नोरीनने मला बिअर पाजली. "आता बघ, माणसाच्या आवाक्यात येतील घरं!"

घरं आली आवाक्यात. पण लोकही गेले. दुकानात दिवसाला तीन डोकी यायची, त्यातलं एक टकलं, तेही गप्पा मारायला. माझी बस निम्मी रिकामी धावू लागली. "क्लेम," नोरीन मला म्हणाली, "मी घरांचे भाव पडू देत म्हणून नवस केला होता रे. गिऱ्हाईक पडू दे असं कुठे म्हटलं होतं?"

लायलची नोकरी गेली, भाडेकरू गेले, आणि बँक मागे लागली. तो संध्याकाळी नोरीनच्या कॅरव्हॅनवर आला. पुन्हा टोपी हातात.

"घर घेतेस का?"

"कितीला?"

त्याने जी किंमत सांगितली तीत एखादी बरी मोटार आली असती. नोरीनला आधी हसू फुटलं. मग तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि चहाचं आधण ठेवलं. "मार्केटचा भाव, असं म्हणायचं किती वर्षं जपून ठेवलं होतं मी," तिने नंतर मला सांगितलं. "ओठांवर आलंही होतं. चहाबरोबर गिळून टाकलं."

कॅरव्हॅनमध्ये राहून साठवलेलं सगळं तिने घरात घातलं. लायलचं स्वतःचं घर तरीही वाचलं नाही. बायको मुलीकडे मॅकायला गेली. त्याला गावच्या कौन्सिलमध्ये रस्ते सपाट करायच्या यंत्रावर काम मिळालं, पण राहायची पंचाईत. नोरीनने त्याला मागची खोली दिली. भाडं, ती पूर्वी म्हाताऱ्या मालकाला द्यायची तेवढंच. "आणि तो नळ तू दुरुस्त करायचा," तिने बजावलं. "तुझ्याच काळातला आहे."

आता गेल्या वर्षापासून खाण पुन्हा हलली आहे. एजंट नोरीनच्या दारात येऊन गेला. ती आमच्या व्हरांड्यात आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते.

"क्लेम, माझं वाढलं."

"अभिनंदन."

"अभिनंदन कसलं, लाज वाटते मला. आकडा ऐकला आणि आरशात बघून आधी केस नीट केले. लायलला मी काय काय बोलले होते!"

मर्लने तिच्यापुढे केक ठेवला आणि विचारलं, "मग विकणार का?"

"वेडी का तू? राहू कुठे?"

मर्लने माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून कप विसळायला घेतले.

दुकानात लोक अजून तिलाच विचारतात, कारण दोन्ही दिवस तिने पाहिलेत. परवा एकजण खुर्चीत बसून म्हणाला, "नोरीन, खरं सांग, घरांचे भाव चढलेले बरे की उतरलेले?"

"तू विकतोयस की घेतोयस?"

"दोन्ही नाही. नुसता राहतोय."

"मग मान खाली घाल. मागचे कापायचेत."

त्याच आठवड्यात शाळेवर नवी मास्तरीण आली, बर्निस नावाची, आणि खोली विचारत नोरीनकडे पोचली. लायलने नोरीनला स्वयंपाकघरात ओढून चालू भाव कानात सांगितला. नोरीनने त्याच्या निम्मा सांगितला. बर्निस बॅगा घेऊन आली, आणि सोबत एक लांबलचक पितळी वाद्यही. ते ती रोज जेवणाआधी तासभर वाजवते. आंब्यावरची वटवाघळं उठून जातात.

"भाडं वाढव, नोरीन," लायल कानांत बोटं घालून ओरडला. "आपोआप जाईल ती!"

"वाढवलं तर सगळ्यांचं वाढवीन," नोरीन म्हणाली. "आणि मग आधी तू जाशील. टेबल मांड."