फादर शब्द मोडतात तेव्हा

कंपाउंडरला साक्षीला बोलावणं आलं तेव्हा त्याची मुलगी एवढंच म्हणाली, "बाबा, या वेळी मूग गिळून बसू नका. आईचं सगळं सांगा."

चौकशी फादरांची होती. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांना संतपद मिळावं म्हणून परदेशातून एक पाद्री माहिती गोळा करायला आले होते, सोबत दुभाषी सिस्टर. इस्त्रीचे कपडे घालून लोक साक्षीला जात होते आणि प्रत्येकाकडे एक चमत्कार तयार होता. कंपाउंडरकडे मात्र तक्रार होती.

फादर परदेशातून आलेले डॉक्टर होते. दवाखाना दोघांनी उभा केला. फादर तपासायचे, हा मिक्श्चर ओतून बाटलीवर डोस दाखवणारी कातरलेली पट्टी चिकटवायचा. भाषा शिकवण्याचं कामही आपसूक याच्याकडेच आलं. एकदा एका आजाऱ्याच्या घरून निघताना फादर "मी जातो" म्हणाले आणि त्या घरची म्हातारी रडायलाच लागली. कंपाउंडरने त्यांना रस्त्यातच झापलं.

"आजाऱ्याच्या उशाशी जातो काय म्हणता? येतो म्हणा."

"पण मी येणार नाही. उद्या तू येणार, औषध घेऊन."

"तरी येतो म्हणायचं."

"म्हणजे खोटं बोलायचं?"

"फादर, बोलायची रीत आहे ती. पापबिप लागत नाही."

फादर हसले. त्यानंतर ते कुठूनही उठताना "येतो" म्हणू लागले.

मुलगी जन्मली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी कंपाउंडरच्या बायकोचा रक्तस्राव थांबेना. घर दवाखान्याच्या मागेच होतं. हा अनवाणी धावत पुढे आला. पलीकडच्या खोऱ्यात पटकी पसरली होती आणि फादर मोटरसायकल सुरू करून निघण्याच्या बेतात होते. कंपाउंडरने ओरडून सांगितलं. फादरांनी मान हलवली, हात वर केला, "येतो" म्हणाले आणि गेले.

काही आणायला गेले असतील, घेऊन परततील, असं याला वाटलं. शेजारचा दूधवाला गाडी घेऊन दारात आला.

"टाक तिला गाडीत. शहरातल्या दवाखान्यात नेऊ."

"नको. फादर येतो म्हणालेत."

संध्याकाळ व्हायच्या आत ती गेली. फादर आले ते खोऱ्यातली साथ आटोक्यात आल्यावर. "मला कुणी सांगितलं नाही," असं ते म्हणाले. कंपाउंडरला ते धडधडीत खोटं वाटलं. पुढे अनेक वर्षं दोघांनी एकाच टेबलावर काम केलं. औषधांपलीकडे हा त्यांच्याशी अवाक्षर बोलला नाही. मुलगी हीच गोष्ट ऐकत वाढली.

साक्षीच्या खोलीत पाद्रींनी विचारलं, "फादरांनी कधी शब्द मोडला?"

"मोडला," कंपाउंडर म्हणाला आणि सगळं सांगितलं; बोलण्याच्या भरात दूधवाला गाडी घेऊन आल्याचंही बोलून गेला. सिस्टर भाषांतर करत होत्या. पाद्रींनी मध्येच काहीतरी विचारलं.

सिस्टर म्हणाल्या, "काका, ते विचारतात, फादर तुमचा निरोप घेऊन गेले, तर शब्द कुठला मोडला?"

"निरोप कसला? येतो म्हणाले! येतो म्हणजे येतो!"

"हो, पण निघतानाही आपण येतोच म्हणतो ना?" सिस्टर सहज बोलून गेल्या. "मोटरसायकल सुरू होती म्हणता. तुमचं बोलणं त्यांना ऐकू तरी आलं होतं का?"

कंपाउंडरने टेबलाची कड धरली. पाद्रींनी पाण्याचा पेला पुढे सरकवला, तो तसाच राहिला.

दार उघडंच होतं. बाहेर बाकावर बसलेल्या मुलीने सगळं ऐकलं होतं. बाप बाहेर आल्यावर तिने विचारलं, "दूधवाले काका गाडी घेऊन आले होते?"

आजवरच्या गोष्टीत गाडी कधी आलीच नव्हती.

"आले होते."

"आणि तुम्ही परत पाठवलीत."

ती उठून सरळ चालू लागली. घरी शिलाई मशीनवर बसली ती जेवायलाही उठली नाही.

दुसऱ्या दिवशी कंपाउंडर न बोलावता पुन्हा त्या खोलीत गेला.

"माझ्या साक्षीत भर घाला. गाडी दारात होती, मी नको म्हणालो."

सिस्टरनी सांगितलं. पाद्रींनी उत्तर दिलं.

"ते म्हणतात, ही चौकशी फादरांची आहे, काका. तुमची नाही."

"ठाऊक आहे. तरी लिहा."

पाद्रींनी पेनाला टोपण लावलं आणि दाराकडे पाहून पुढच्या माणसाला आत यायची खूण केली.