मारलेल्या राजांखाली एक ओळ

शहराच्या जुन्या परकोटाच्या भिंतीजवळच्या आमच्या वाचनालयात दिनविशेषाचा फळा सोळा वर्षे मी लिहितो. त्यातले मध्ययुग माझ्याकडे आहे. दोन पुस्तकांत तारीख जुळली तरच लिहायचे, हा नियम मीच केला. जुळतात त्या नोंदी बहुतेक खुनांच्या असतात. त्या सकाळी चार होत्या. एका सुलतानाने भावाचे डोळे काढवले. एका राजाचे मुंडके भाल्यावर फिरवले. एक किल्ला पडला आणि आतली माणसे कापली गेली. एक वजीर दरबारातच भोसकला गेला.

समोर मासे विकणाऱ्या बाईला वाचता येत नाही. रोज ती मला फळा मोठ्याने वाचायला लावते. त्या दिवशी ऐकून म्हणाली, "भाऊ, माह्या घरच्याले आज वरीस झालं. त्याचं बी लिवा."

"बाई, पुस्तकात असावं लागते."

"तुमचे राजे मरताना कोणं पाह्यले? मी तं पाह्यलं."

मी सवयीने विचारले, किती वाजता? सकाळी सव्वासहा. दोघे तलावातले जाळे काढत होते. तो वाकलेला. तलावाच्या पाळीवरून, बांधावरून, वाघ थेट मानेवर आला. तिने बांबूचे तीन टोले हाणले. वाघाने त्याला ओढत नेले. दुपारी माणसांनी आणला तेव्हा उजवा पाय नव्हता. तो दुसऱ्या दिवशी सापडला.

"पाय येगळा जाळला," ती म्हणाली.

मृत्यूच्या दाखल्यावर उद्याची, म्हणजे पाय सापडला त्या दिवसाची तारीख आहे, हेही तिनेच सांगितले. म्हणजे कागद विरुद्ध आणि साक्षीदार एकच. तरी मी खडू घेतला. 'एका मासेमाराचे तलावावर निधन,' असे लिहून वाचून दाखवले.

ती भडकली. "राजाले कापलं, वजीराले भोसकलं, अन् माह्यावाला काय निजून मेला?"

पेपर वाचत बसलेले म्हातारबुवा म्हणाले, "बरोबर बोलून राह्यली ते."

मी ओळ ओल्या फडक्याने पुसली. पुन्हा लिहिले: 'जाळे काढताना वाघाने एका मासेमाराला मानेला धरून मारले. बायकोने वाघाला बांबूचे तीन टोले हाणले.'

"चार," ती म्हणाली.

"आत्ता तर तीन सांगितले."

"चौथा वाघाले नाई लागला, भाऊ. त्याच्या पाठीत बसला. जित्ता होता तवा."

 मग मी विचारले, "चार लिहू?"

"लिवा."

मी चार लिहिले. 'वाघाला' हा शब्द तेवढा पुसला.