रोझामावशींचं नाताळचं जेवण

पास्कल कुवेतला गेला त्या वर्षी, नाताळच्या आदल्या दिवशी, मी आणि आई पुण्याहून वसईला निघालो. पास्कल माझा कारखान्यातला सोबती. त्यानं पत्र धाडलं होतं, 'मला रजा नाही. घरी आईबाबा दोघंच आहेत. तू जाऊन ये आणि काय काय केलं होतं ते कळव.' आईही येते म्हणाली, तेव्हा मला धास्तीच वाटली. तिनं जन्मात अंड्याला हात लावलेला नव्हता.

वसई रोडला उतरून टांगा केला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, पाटाचं झुळझुळतं पाणी, मध्येच एखादा पांढरा क्रूस. घराघरावर कागदी चांदण्या टांगल्या होत्या. पास्कलची आई, रोझामावशी, लाल चौकड्यांचं लुगडं नेसून ओट्यावर उभ्याच होत्या. घरात त्या आपल्या बोलीत बोलत. आमच्याशी मात्र जपून, शाळेतलं मराठी.

"या हो बाय," त्या आईला म्हणाल्या. "तुमच्यासाठी भांडीसुद्धा नवी कोरी आणलीत. उद्या घरात मटण-मच्छी काही नाही."

पोचल्या पोचल्या सुकेळी (उन्हात वाळवलेली केळी) पुढे आली. मधासारखी गोड. आईनं दोन खाल्ली आणि माझा जीव भांड्यात पडला.

सकाळी पास्कलचे वडील, काका, चर्चमधल्या मिस्सेहून (प्रार्थनेहून) आले तेव्हा स्वयंपाकघरात घोटाळा झाला होता. फुगे (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे) अंडी आणि ताडीशिवाय फुगेनात. मावशींनी एक माझ्या हातावर ठेवला, गोटाच होता. आईनं पदर खोचला, आंबट दही आणि चिमूटभर सोडा मागितला. पुढचा घाणा टम्म फुगला. नारळाच्या रसात कच्ची केळी शिजत होती, वालाची पापडी निवडून झाली होती. दोघींचं छान जमलं होतं.

तेवढ्यात मागच्या वाडीतून बदकांचा कलकलाट ऐकू आला.

"ही कशाला पाळलीत?" आईनं विचारलं.

उत्तर काकांनी दिलं. "नाताळासाठीच. पास्कलला बदकाचं कालवण लागतं. यंदा ही नको म्हणाली. पाहुण्यांना चालणार नाही म्हणते."

मावशींनी मान वर केली नाही. "पाहुण्यांचं निमित्त झालं," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही येणार म्हटल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं, बाय. तो मसाला भाजायला घेतला, की पास्कल दारात येऊन उभा राहतो. वास आला की न्हाणीतून ओरडायचा, 'आई, पहिला तुकडा माझा!' आता कुणाला देऊ?"

कढईतले फुगे करपायला लागले. आईनंच ते काढले.

"न करून तो आठवायचा राहणार आहे का?" ती म्हणाली. "करा तुम्ही. मला वास सोसेल. नारळ मी खोवून देते."

मी आईकडे बघतच राहिलो. काका बदक घेऊन वाडीत गेले, तेव्हा तिनं तोंड विहिरीकडे फिरवलं. पण विळी सोडली नाही. मसाला भाजताना मावशींचे डोळे वाहत होते आणि त्या ते मिरच्यांवर ढकलत होत्या.

दुपारी एका ओळीत पानं मांडली. आमच्या पानात केळ्यांचं कालवण, त्यांच्या पानात बदकाचं. फुगे सगळ्यांना सारखेच. पहिला तुकडा मावशींनी स्वतःच खाल्ला, बराच वेळ चघळला. "मीठ कमी पडलं," त्या म्हणाल्या, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

तिसऱ्या दिवशी परतलो. रात्री पास्कलला पत्र लिहिलं. बदक झालं, मीठ कमी होतं आणि तुझी आई तुझी फार आठवण काढते, असं सगळं लिहिलं. परक्या घरच्या चुलीपाशी माणूस कधी कधी आपल्या घरचं बोलून जातो, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मी पाकीट चिकटवत होतो, तेव्हा आई दिवा मालवायला आली आणि दारातच थांबली.

"यंदा होळीला पुरण घालू या," ती म्हणाली.

वडील जाऊन चौथं वर्ष लागलं होतं. पुरणपोळी त्यांची आवडती. ते गेल्यापासून आमच्या घरी पुरण शिजलं नव्हतं.