पायाला कळणारी फरशी

फरशी बसवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. कामावरचे लोक त्याला 'लेव्हल' म्हणत, कारण लेव्हलची पट्टी तो जेवतानाही मांडीशी घेऊन बसायचा. त्याने बसवलेल्या फरशीवरून अनवाणी चालत जा, सांधा कुठे आला ते पायाला कळायचं नाही. एखादा कोपरा केसभर वर दिसला की स्वारीचं जेवणावरचं लक्ष उडालं. बायको म्हणायची, "यांना कुणाकडे न्यायची सोय नाही. माणसांशी बोलायचं सोडून जमीन चाचपत बसतात."

स्टेशनचं काम त्याने घेतलं ते ताईसाठी. ताई थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. पाच वर्षांपूर्वी तिची दृष्टी गेली. तिची लेक गाडीने दोन तासांवर राहायची, पण कोणी सोडायचं, कोणी आणायचं, त्यापेक्षा नकोच, असं म्हणून ताई घरात बसली. आणि ताई काही घरात बसणारी बाई नव्हे. दृष्टी नसलेल्यांसाठी स्टेशनच्या दारापासून डब्यापर्यंत पिवळ्या फरशीची वाट होणार हे कळताच तो हातातलं काम सोडून तिकडे गेला. "तुझ्यासाठी रस्ता करतोय," त्याने ताईला सांगून टाकलं. ताईने त्याच दिवशी लेकीला कळवलं, "पुढच्या रविवारी येते. एकटी."

पण त्या फरशीवर लांब पट्ट्या उठवलेल्या होत्या आणि वळायच्या-थांबायच्या जागी गोल बटणं. बाजूच्या फरशीपेक्षा ती वर यायची. हे त्याच्याने बघवेना. माणसं ठेचकाळणार आणि बसवणाऱ्याचा उद्धार करणार. नकाशे काढणाऱ्यांनी आयुष्यात थापी धरलेली नसते, हे त्याचं जुनं मत. त्याने खालचा थर खरवडून फरश्या खोल बसवल्या, वर खाचांत पिवळं सिमेंट भरून पुसून काढलं. वाट आरशासारखी सपाट झाली. मंगळवारी तो छाती फुगवून ताईला घेऊन आला.

ताईने काठी फिरवली. पुन्हा फिरवली. "कुठे सुरू होते?"

"अगं, तू तिच्यावरच उभी आहेस."

तिने चपला काढल्या, तळवा घासून पाहिला आणि सरळ समजून चालू लागली ती रुळांच्या बाजूला. त्याने धावत जाऊन तिचा दंड धरला. दोघंही घाबरली होती.

"बारक्या, काम सुरेख झालंय," ताई म्हणाली. "पण माझ्या पायाला काही कळतच नाही रे. लेकीला सांगते, राहू दे म्हणून."

त्याचं तोंड एवढंसं झालं. "रविवारपर्यंत सांगू नकोस," एवढंच तो बोलला आणि मुकादमाकडे जाऊन आपली चूक कबूल केली. मुकादमाने कपाळाला हात लावला. "तुझं काम म्हणून मी तपासलंसुद्धा नाही."

चार दिवस त्याने स्वतःच्या हाताने स्वतःचं काम उखडलं आणि पुन्हा बसवलं. दुसऱ्या कोणाला छिन्नी लावू दिली नाही. नव्याने बसवताना हात सवयीने फरशी खाली दाबायला जायचा; तो हात मागे घ्यायचा. शनिवारी त्याने डोळे मिटून ती वाट तीनदा चालून पाहिली.

रविवारी दारात त्याने विचारलं, "बरोबर येऊ?"

"नको," म्हणून ताई निघाली. काठी पट्ट्यांवरून खडखडत गेली. बटणांपाशी ती थांबली, पायाने चाचपलं आणि बरोबर वळली. तो चार पावलं मागून दबकत येत होता. ताई पडली तर, एवढाच विचार डोक्यात. त्या नादात त्याचा अंगठा पट्टीला अडकला आणि तो धडपडला.

ताई मागे न वळता म्हणाली, "ठेचकाळलास?"

"हो."

"मग चांगली बसवलीयेस. जा आता घरी."

ती डब्यात चढली. गाडी हलली. सवयीप्रमाणे तो खाली वाकला आणि बोटांनी चाचपून पाहिलं. फरशी चांगली वर उठलेली होती. त्याने ती तशीच राहू दिली.