बेंबी बसवणारीचं पोट

निलंग्याच्या आमच्या गल्लीत कुणाची बेंबी सरकली की मला बोलावणं यायचं. कोमट तेल, अंगठा आणि माझं तोंड, एवढ्या भांडवलावर मी अर्ध्या गल्लीची पोटं चोळली. त्यामुळे स्वतःच्या पोटाच्या बाबतीत तर मी इतकी शहाणी होते की विचारू नका.

वजन उतरवायचं ऑपरेशन लातूरला केलं, तेव्हा डॉक्टरांनी कागदावर आतडी काढून दाखवली. आतड्याचा रस्ता बदलला की मागे फटी राहतात, त्यात आतडं शिरून अडकू शकतं, म्हणून त्या टाके घालून बंद करतो, म्हणाले. वेळ जरा जास्त लागेल.

"साहेब, गोधडी नाही शिवायची. आवरा लवकर," मी म्हणाले.

ते हसले आणि त्यांनी टाके घातलेच. घरी सोडताना बजावलं, वजन उतरलं की आतली चरबीही झडते, फट पुन्हा उघडू शकते. जेवल्यावर कळ आली तर घरचे उपाय नकोत, तडक या. मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून हुशार.

दीड वर्षात पस्तीस किलो उतरले. बाईसाहेब नव्या ब्लाउजांच्या नादात. जेवल्यावर पोटात पीळ पडायचा, ओणवं झालं की जायचा. पण लातूरला जायचं म्हणजे धाकट्या जावेला कळणार, आणि ऑपरेशनला नको म्हणणारी तीच पहिली. तिचं ऐकून घेण्यापेक्षा दुखलेलं बरं. दोन महिने मी देवघरापुढे ओणवी होऊन काढले. शेजारणींना वाटलं, म्हातारी देवाला लागली.

एका सकाळी भाकरीचा तुकडा खाल्ला आणि कळ गेलीच नाही. ओणवी झाले, उलटी झाली, तरी नाही. सुनेला हाक मारली, "तेलाची वाटी आण. बेंबी सरकलीय. मी सांगते तसं चोळ."

ती वाटीऐवजी दवाखान्याची फाईल घेऊन आली.

"आत्या, ह्यात काय लिहिलंय?"

"मला चष्मा न्हाई."

"डोक्यावर हाय."

"अगं, लई जणांच्या बेंब्या बसवल्यात मी."

"त्यांची आतडी कापून जोडलेली नव्हती. मी हात लावणार न्हाई. फोन केलाय, गाडी यायलीय."

"जावेला कळू देऊ नको."

"धाकट्या आत्याच गाडी घेऊन यायल्यात."

लातूर येईपर्यंत जाऊ एक शब्द बोलली नाही, नुसता माझा हात धरून बसली. कळेपेक्षा मला त्याचीच भीती वाटली.

स्कॅनमध्ये आतडं फटीत शिरलेलं दिसलं. डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवस दुखतंय?"

"कालपासून," मी.

"दोन महिने झाले," सून म्हणाली. "देवाला ओणवं होऊन कुणी हात जोडतं का?"

"पोट चोळलं?"

"मी चोळू दिलं न्हाई," सून.

"बरं केलंत," म्हणाले आणि मला आत नेलं.

दुर्बिणीतून आतडं ओढून बाहेर काढलं. काळं पडलं नव्हतं, कापावं लागलं नाही. फटी न विरघळणाऱ्या दोऱ्यानं पुन्हा शिवल्या. 

काही दिवसांनी भाताची पेज मिळाली. चार चमचे प्याले. सून खुर्ची ओढून समोर बसली, नजर माझ्या तोंडावर.

"दुखायलंय?"

"न्हाई."

"आत्या, खरं सांगा."

मी पोटावर हात ठेवून कळ येते का ते पाहिलं. मग म्हणाले, "न्हाई गं. आणखी दे."