कवेलूच्या छताचा पंचनामा

त्या शाळेची घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. बायको म्हणते, निवृत्त झालात, आता सोडा तो विषय. नाही सोडत.

मी तेव्हा वर्धा शहराला लागून असलेल्या हद्दीत ठाणेदार होतो. हद्दीच्या टोकाला एक गाव आहे, नाव सांगत नाही. अर्धी वस्ती भाजीपाला पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची, अर्धी नव्या प्लॉटवर घरं बांधलेल्या कारकून-मास्तरांची. घरं वाढली तशी सरकारी शाळेत मुलं वाढली. खोल्या मात्र त्याच तीन, कवेलूच्या म्हणजे कौलांच्या छताच्या.

सोमवारी सकाळी ठाण्यात हजेरी चालू असताना फोन आला. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, "साहेब, मुख्याध्यापक बाईनं काल शाळेच्या एका खोलीचं छत पाडलं. सागवान विकून राह्यली ते. जाऊन पाहा."

तासाभरात बांधकाम विभागाच्या अभियंत्याची लेखी तक्रारही आली. सोबत त्याचाच महिन्यापूर्वीचा तपासणी अहवाल होता. शेवटची ओळ, 'तिन्ही खोल्या सुस्थितीत.' सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान, म्हणजे दखलपात्र गुन्हा. मी नोंदवला. खरं सांगतो, चोरीची खबर मलाही पटली होती. सागाचं नाव निघालं की भल्याभल्यांची नियत फिरते.

चौकशीला महिला हवालदाराला बाईंच्या घरी पाठवणार, तेवढ्यात बाई स्वतःच ठाण्यात हजर. हातात पिशवी. पिशवीत एक साडी, टॉवेल आणि बीपीच्या गोळ्या. इतक्या वर्षांत कोठडीची तयारी करून आलेला आरोपी मी पहिल्यांदाच पाहिला.

"छत कोणी पाडलं?" मी आवाज चढवूनच विचारलं.

"मीच. गवंडी लावून पाडलं. त्याले यात ओढू नका, त्यानं माझ्या सांगण्यावरून केलं."

"परवानगी होती?"

"तीन वर्षं झाले, मागून राह्यली मी. जुनी खोली मोडीत काढा, नवी द्या. दरवेळी उत्तर एकच, कागदावर तुमच्या खोल्या चांगल्या आहेत. शनिवारी आढ्यातून भुसा पडला, पोरायच्या ताटात."

"मग कुलूप लावायचं."

"लावलं होतं. वरून फोन आला, वर्ग भरवा, नाईतर कारवाई करू. मी म्हटलं, खोलीवर छतच नाई राह्यलं, तर कोण बसवते पोरायले, पाहू."

मला हसू आलं ते मी दाबलं. मग बाईंनीच विचारलं, "मले आत टाकणार का, साहेब? अठ्ठेचाळीस तास कोठडीत राह्यली की माझं निलंबन होते. मग त्या दोन खोल्याही वाऱ्यावर."

नियम त्यांना पाठ होता. तरीही त्या आल्या होत्या.

"त्या आढ्याखाली कोण बसायचं?" मी विचारलं.

हजेरीपट समोर नव्हता. बाईंनी दुसरीच्या मुलांची नावं सांगायला सुरुवात केली, बसतात त्या क्रमानं. मध्येच, "हे उंचीनं लहान, म्हणून पुढं," असंही सांगत होत्या. महिला हवालदार लिहायची थांबली. तिचाही मुलगा दुसरीतच होता.

दुपारी दोन पंच घेऊन जागेवर गेलो. एक भाजीवाला शेतकरी, एक निवृत्त कारकून. सगळं लाकूड शाळेच्या व्हरांड्यात रचलेलं. प्रत्येक नगावर खडूनं नंबर, आणि बाईंच्या यादीवर दोन गावकऱ्यांच्या सह्या. मोजलं, एकही नग कमी नव्हता. मी खिशातला पेन मधल्या आढ्यावर दाबून पाहिला. तो टोपणापर्यंत आत गेला.

शेतकरी पंच म्हणाला, "साहेब, सागवान कवाच सरलं. वाळवीवर उभं होतं हे छत."

मग मी तो तपासणी अहवाल उघडला आणि सकाळी जे करायला हवं होतं ते तेव्हा केलं. पहिल्या ओळीपासून वाचला. छताचा प्रकार, 'सिमेंटचा स्लॅब.' माझ्या बुटाखाली फुटक्या कवेलूंचा ढीग होता. स्वतःचाच राग आला. शेवटची ओळ वाचून मी गुन्हा नोंदवला होता, आणि त्या अभियंत्यानं तर शाळाही पाहिली नव्हती.

तिथूनच त्याला फोन लावला. "या शाळेत शेवटचे कधी आलात?"

"साहेब, तालुक्यात इतक्या शाळा. सगळीकडे जाणं होते का?"

"मग सही कशी झाली?"

त्यानं फोन ठेवून दिला.

संध्याकाळी वरिष्ठांचा फोन. बाईला अटक का नाही? मी म्हणालो, "सर, सात वर्षांच्या आतल्या शिक्षेचा गुन्हा आहे, अटकेऐवजी हजर राहण्याची नोटीस दिली आहे. अटक हवी असेल तर लेखी आदेश द्या." लेखी काही आलं नाही. असले आदेश कधी लेखी येत नसतात. चार महिन्यांनी माझी बदली मात्र आली. आली तर आली.

जाण्यापूर्वी पंचनामा आणि तो अहवाल एकत्र जोडून गुन्हा बंद करण्याची शिफारस न्यायालयात पाठवली, एक प्रत शिक्षण विभागाला दिली. न्यायालयानं ती मान्य केली. अभियंत्याची खात्यामार्फत चौकशी लागली. दुसरीचा वर्ग वर्षभर समाजमंदिरात भरला, नंतर नव्या खोल्या मंजूर झाल्या. तीन वर्षं अडलेला प्रस्ताव पोलिसांच्या पंचनाम्यानं हलला, याची मला आजही लाज वाटते.

कोणत्या शाळेला किती खोल्या लागतात, कोणती पाडायची, यासाठी नियम आहेत, नमुने आहेत, समित्या आहेत. कोणीतरी जागेवर जाऊन मान वर करून पाहत नाही, एवढंच. बाईंनी कायदा मोडला का? मोडला. पुन्हा त्या खुर्चीत बसलो तर मी पुन्हा त्यांना नोटीस देऊन घरी पाठवीन, मग कुठंही बदली करा.

आम्हाला पंचनाम्याला बोलावतात ते छत कोसळल्यावर. त्या दिवशी बाईंनी बसण्याच्या क्रमानं सांगितलेली नावं मला अजून पाठ आहेत. त्यातलं एकही मला पंचनाम्यात लिहावं लागलं नाही.